आईच्या पानातला मोदक उचलू नका

साठी ओलांडलेल्या माणसाला आपल्याकडे एक सल्ला न मागता मिळतो. गोड सोडा, तूप सोडा, रात्रीचं जेवण सोडा, वजन उतरवा. मुलगा सांगतो, सून सांगते, शेजारच्या काकू सांगतात, सकाळी बागेत भेटणारे निवृत्त साहेब सांगतात आणि मोबाइलवर येणारे व्हिडिओ तर दिवसभर सांगत राहतात. त्यामागचं म्हणणं साधारण असं असतं: वय वाढलं की शरीराची गरज कमी होते, म्हणून खाणं कमी हवं, वजन जितकं कमी तितकी तब्येत चांगली, आणि या वयात गोडाची इच्छा होणं म्हणजे जिभेचे चोचले. यातलं पहिलं म्हणणं अर्धवट खरं आहे. दुसरं साठीनंतर पुष्कळांच्या बाबतीत चुकीचं ठरतं. तिसरं मला सरळसरळ क्रूर वाटतं.

आधी गरजेबद्दल. पन्नाशीत पोट सुटलं की 'चयापचय मंदावला' असं सगळेच म्हणतात. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 29 देशांतल्या 6,400हून अधिक माणसांची, अगदी तान्ह्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत, रोजची ऊर्जेची खपत त्यात मोजली होती. शरीराचं आकारमान आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरल्यावर दिसलं ते असं की विशीपासून साठीपर्यंत ही खपत जवळजवळ स्थिर राहते. साठीनंतर ती वर्षाला सुमारे 0.7 टक्क्यानं घटते. म्हणजे सत्तरीला पोचलेल्या माणसाची गरज दहा वर्षांत सात टक्क्यांच्या आसपास कमी झालेली असते. रोजच्या जेवणात हा फरक साधारण एका पोळीचा. एका पोळीच्या फरकासाठी आपण आईवडिलांचं रात्रीचं पान मांडणंच बंद करतो.

शिवाय कमी होते ती फक्त ऊर्जेची गरज. प्रथिनांची गरज वयानुसार कमी होत नाही, उलट वाढते, कारण म्हातारं शरीर खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू बांधायला आळसावतं. 2013 साली वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं पासष्टीपुढच्या माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवली. साठ किलो वजनाच्या बाईला म्हणजे साठ ते बहात्तर ग्रॅम. आता आपल्या शाकाहारी घरातल्या आजीचं पान मांडून बघा. चार पोळ्यांतून बारा-तेरा ग्रॅम, दोन वाट्या पातळ वरणातून दहा, मूठभर भातातून दोन-तीन, वाटीभर दह्यातून चार, चहातल्या दुधातून आणखी तीन-चार. पस्तिशीही धड गाठली जात नाही. आणि हे पान ती पूर्ण जेवते असं धरल्यावर. प्रत्यक्षात मुलं बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, घरात दोघं किंवा एकटीच, मग संध्याकाळी कुकर लावायचा कंटाळा येतो आणि दूध-पोळीवर किंवा चहा-खारीवर भागतं. या बाईला 'कमी खा' असं सांगणं म्हणजे तिच्या उरल्यासुरल्या स्नायूंवर घाला घालणं आहे.

स्नायूंबद्दल बोलायलाच हवं, कारण वजनकाट्याला ते दिसत नाहीत. वयासोबत स्नायू झिजण्याला अमेरिकेतल्या अर्विन रोझेनबर्ग यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. त्याआधी त्याला 'म्हातारपण' म्हणत आणि सोडून देत. चाळिशीनंतर ही झीज हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. बाटलीचं झाकण उघडत नाही, जमिनीवर मांडी घालून बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, बसची पायरी उंच वाटते, ही तिची लक्षणं. पुढे तोल जातो, माणूस न्हाणीघरात पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि अंथरूण धरतो. अंथरुणात स्नायू आणखी झिजतात. आपल्या प्रत्येक नात्यागोत्यात असं एक तरी माणूस आहे.

आता वजन उतरवण्याचं काय होतं ते बघू. डेनिस व्हिलारिअल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या 107 लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. तो 2011 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. काहींना फक्त आहारनियंत्रण दिलं, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. फक्त आहार कमी केलेल्यांचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं. वजनकाट्यावर हा मोठा विजय. पण त्यांच्या शरीरातला चरबी वगळून उरणारा भाग, ज्यात मुख्यतः स्नायू येतात, तो पाच टक्क्यांनी घटला आणि खुब्याच्या हाडाची घनता तीन टक्क्यांनी. आहाराला व्यायामाची जोड दिलेल्यांचं वजन नऊ टक्क्यांनी उतरलं, पण त्यांची ही झीज बरीच कमी झाली आणि चालणं, उठणं, जिना चढणं यांत त्यांनी सगळ्यांत जास्त प्रगती केली. नुसता व्यायाम केलेल्यांचं वजन हललं नाही, तरी त्यांची हालचाल नुसत्या डाएटवाल्यांपेक्षा अधिक सुधारली. काटा ज्याला नापास करतो, तो माणूस जिन्यावर पुढे जातो. ज्यांना खरोखर लठ्ठपणा आहे, गुडघे वजनानं दुखतात, झोपेत श्वास अडकतो, त्यांनी वजन जरूर उतरवावं. पण व्यायाम आणि प्रथिनं यांच्याशिवाय, नुसतं पान रिकामं करून उतरवलेलं वजन या वयात फार महाग पडतं.

यावर एक भारदस्त आक्षेप घेतला जातो आणि तो पुण्यातूनच येतो. भारतीय माणूस बारीक दिसला तरी आतून चरबीचा असतो आणि कमी वजनावरही त्याला मधुमेह गाठतो, मग आपण वजनाबाबत अधिक कडक असायला नको का? हे संशोधन केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. 2004 साली त्यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये दोघांचं एकत्र छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, सारखाच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. मधुमेहाच्या जगात हे छायाचित्र गाजलं आणि ते योग्यच झालं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्याकडे उलटा वाचला जातो. ते छायाचित्र सांगतं की वजन आणि उंचीचा भागाकार भारतीय शरीराबद्दल फार थोडं सांगतो. आपली अडचण पोटातली चरबी जितकी, तितकीच तुटपुंजे स्नायू ही आहे. अशा शरीरातले स्नायू उपाशी राहून आणखी कमी केले तर मधुमेहाविरुद्धचा मोठा आधारच जातो, कारण जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. याज्ञिकांच्या कामाचा आधार घ्यायचा तर कमरेभोवती टेप लावा. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा तज्ज्ञांनी ठरवून दिली आहे. टेप शिंप्याकडे असते, शिवणाच्या डब्यात असते. तिला वीज लागत नाही, सेल लागत नाही.

बीएमआयबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात 'सरासरी माणूस' शोधताना हे सूत्र मांडलं, एखाद्याची तब्येत तपासण्यासाठी नव्हे. अँसेल कीज यांनी 1972 साली त्याला आजचं नाव दिलं, त्या अभ्यासातली माणसं सगळी पुरुष होती. शिवाय म्हातारपणी मणके दबून उंची घटते, त्यामुळे वजन तेवढंच राहूनही बीएमआय वर चढतो. पासष्टीपुढच्या सुमारे दोन लाख माणसांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण 2014 साली प्रसिद्ध झालं. त्यात बीएमआय 23च्या खाली गेला तसा मृत्यूचा धोका वाढत गेला, आणि 24 ते 30च्या दरम्यान तो वाढलेला दिसला नाही. ही माणसं बहुतांश पाश्चात्त्य होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्यावर लादू नये. पण आपल्या आरोग्य शिबिरांत सत्तर वर्षांच्या, 24 बीएमआयच्या, स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या बाईला 'जादा वजन' असा शेरा मिळतो आणि ती घरी येऊन तूप बंद करते, तेव्हा त्या शेऱ्यामागे तिच्या वयाचा विचार झालेला नसतो.

उतारवयात वजन आपोआप कमी होणं ही तर धोक्याची खूण आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टर तपासण्या करायला सांगतात. त्यामागे क्षयरोग असू शकतो, कर्करोग असू शकतो, थायरॉइड, आटोक्यात नसलेला मधुमेह, नैराश्य, नीट न बसणारी कवळी, यांतलं काहीही असू शकतं. आणि आपण लग्नात भेटल्यावर काय म्हणतो? 'अय्या, मावशी, किती छान बारीक झालात!' मावशीही खूश होतात. कौतुकाच्या त्या एका वाक्यानं तपासणी दोन-तीन महिने पुढे ढकलली जाते. नातेवाइकांच्या वजनावर शेरा मारायची ही सवय तरुणांच्या बाबतीत असभ्य आहे. वृद्धांच्या बाबतीत ती घातक ठरू शकते.

आता जिभेचे चोचले. वय वाढतं तसा वास घेण्याची ताकद मंदावते आणि चवीचा मोठा भाग वासातून येत असल्यानं वरण-भात सपक लागू लागतो. भूकही मंदावते, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं होतं, औषधांनी तोंड कोरडं पडतं. अशा तोंडाला गोडाची चव त्यातल्या त्यात स्पष्ट लागते. म्हणून आजोबा गूळ मागतात, आजी मोरावळ्याची बरणी जवळ ठेवते. हा हावरेपणा नाही. मंदावलेली भूक जेवणापर्यंत येण्याची वाट शोधत असते. ती वाट अडवली की माणूस वरण-भातही सोडतो. पहिल्या घासाला चमचाभर साखरांबा मिळाला आणि त्यानिमित्तानं मटकीची उसळ, अंडं, बांगड्याची तुकडी, वाटीभर घट्ट दही पोटात गेलं तर तो साखरांबा माझ्या मते औषधाइतका उपयोगी आहे.

साखरेचा हिशेब मी टाळत नाही, उलट तो नीट करा असंच माझं म्हणणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली वरून घातलेल्या साखरेसाठी जी अधिक चांगली मर्यादा सुचवली ती दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे. चार कप चहा, प्रत्येकात दीड चमचा, इथेच ही मर्यादा संपते. वर्षाला दोन हजारांहून अधिक चमचे, जवळजवळ नऊ किलो साखर, कुणाच्या लक्षातही न येता. त्यावर चहासोबतची बिस्किटं, टोस्ट, खारी, 'शुगर फ्री' म्हणून आणलेला मैद्याचा केक, एकादशीची साबुदाण्याची खिचडी, जिच्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही. यातल्या एकाही गोष्टीवर घरात भांडण होत नाही. भांडण होतं ते गणपतीतल्या उकडीच्या मोदकावर, होळीच्या पुरणपोळीवर, दिवाळीतल्या करंजीवर, कारण ते सगळ्यांसमोर पानात दिसतात. वर्षातून चार-सहा वेळा येणारा, घरात केलेला, चार माणसांत बसून खाल्लेला पदार्थ बंद होतो आणि रोज एकट्यानं चहात बुडवलेलं बिस्किट चालू राहतं. गोड कमी करायचं असेल तर चहातून करा. तिथे कुणाच्याही आनंदाला हात लागत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा हिशेब अर्थातच कडक आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, त्यामुळे हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातला आहे. त्यांनी मोदक खायचा तर त्या जेवणातला भात वगळावा, सुरुवात उसळ आणि कोशिंबिरीनं करावी, दोन तासांनी साखर तपासावी आणि हे सगळं आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पण मधुमेही वृद्धाला साखर वाढण्याइतकाच, कधी कधी त्याहून मोठा धोका साखर एकदम उतरण्याचा असतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना रात्रीचं जेवण बंद केलं, उपवास धरला, की पहाटे घाम फुटून माणूस कोसळतो. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीए1सीचं, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेच्या चाचणीचं, लक्ष्य 8 टक्क्यांखाली इतकं सैल ठेवलं आहे, ते याच कारणानं. तिशीतल्या मुलाला मानवलेला दोन वेळच्या जेवणाचा नियम त्यानं गोळ्या खाणाऱ्या वडिलांवर परस्पर लावू नये.

'आता किती दिवस राहिलेत, खाऊ द्या त्यांना हवं ते' असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. साठीच्या माणसापुढे आज वीस-पंचवीस वर्षं असू शकतात. त्याला सोडून देणं हा लाड नव्हे.

या सगळ्यात बायकांचं वेगळं आहे, आणि हा लेख मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं आणि मांड्या-कमरेवरची चरबी पोटाकडे सरकते. भारतीय बाईला हे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिशीत गाठतं. ब्लाउज दंडात घट्ट होतो, जुन्या फोटोतली कंबर सापडत नाही. याच वेळी टीव्हीवरच्या 'पन्नाशीतही तिशीच्या दिसणाऱ्या' अभिनेत्रींचं कौतुक तिच्या कानावर पडत असतं. जन्मभर तिनं सगळ्यांना वाढून मग उरलेलं खाल्लं. गरोदरपणात डोहाळे पुरवले तेवढे दिवस सोडले तर तिला काय आवडतं हे फारसं कुणी विचारलं नाही. आता मुलं मिळवती झाली, घरात सगळं आहे, तर तिच्या पानात काकडी.

आपल्या समाजाला हे खटकत नाही, याचं कारण मला जुनं वाटतं. वरच्या जातींच्या घरांत विधवेला एकभुक्त ठेवत, तिखट-गोड वर्ज्य करत, आणि ती जितकी कमी खाईल तितकी तिची स्तुती होई. वय झालेल्या बाईच्या शरीराला काही हवंसं वाटणं हेच अशोभनीय मानलं गेलं. ती सक्ती गेली. पण कमी खाणारी म्हातारी म्हणजे चांगली म्हातारी ही समजूत राहिली आणि तिनं आता कॅलरींची भाषा घेतली. 'माझं काय, मला काहीही चालतं' असं आई म्हणते तेव्हा घरातले समाधानानं मान डोलावतात. तिला खरंच काही नको असेल तर डॉक्टरांकडे न्यायला हवं आणि हवं असूनही ती नको म्हणत असेल तर तिच्याशी बोलायला हवं.

पोट सुटलेल्या, दंड भरलेल्या, केस पिकलेल्या बाईनं आरशासमोर स्वतःची माफी मागण्याचं काही कारण नाही. तिनं शरीराकडून मागायची ती ताकद. आणि ताकद या वयातही येते. 1990 साली मारिया फियाटारोने यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. चालणं चांगलंच आहे, पण स्नायू वाढवायला तेवढं पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटा देणं, भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलणं, एवढ्यानं सुरुवात होते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

म्हणून ज्येष्ठ नागरिक संघांना आणि गावोगाव आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना माझी एक विनंती आहे. शिबिरात वजनकाटा ठेवता, त्याच्या शेजारी हात नसलेली एक खुर्ची आणि सेकंद दाखवणारं घड्याळ ठेवा. आलेल्या प्रत्येकाला हात छातीशी धरून पाच वेळा उठायला-बसायला सांगा. आशियाई तज्ज्ञांनी 2019 साली घालून दिलेल्या निकषानुसार त्याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यायची. त्या माणसाच्या कार्डावर 'वजन कमी करा' असं लिहिण्याआधी तो रोज किती डाळ, दूध, अंडी, मासे खातो ते विचारा.